दोनशे तीस फक्त कागदावर

चिखलीत माझ्या पुतण्याचे गाड्यांच्या वायरिंगचे छोटे दुकान आहे. ट्रॅक्टरचे दिवे, हॉर्न तपासता तपासता बॅटरी सारखी उतरते, म्हणून १२ व्होल्ट, १० अँपिअरचा डीसी सप्लाय त्याने घरीच बनवायला घेतला. मी बीए झालेला मास्तर, पण विज्ञान प्रदर्शनांच्या निमित्ताने मुलांकडून बॅटरी एलिमिनेटर पुष्कळ बनवून घेतले. तेव्हा "काका, जरा बघता का?" म्हणून कागद माझ्याकडे आला.

कागद पुस्तकाप्रमाणे बिनचूक होता. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, ४७,००० मायक्रोफॅरॅडचे कपॅसिटर, ७८१२ आयसी आणि मोठा करंट पेलायला टू एन ३०५५ ट्रान्झिस्टर. १५ चे शिखर २१ व्होल्ट, त्यातले दीडेक ब्रिज खाते, १० अँपिअरला दोनेक व्होल्टची लाट राहते. तळ साडेसतराच्या वर. आयसीला पंधराच्या आसपास पुरतात. झाले की!

पण हे सगळे २३० वर. १९५६ च्या विद्युत नियमांत कमी दाबाच्या पुरवठ्याला ६ टक्क्यांचाच चढउतार मान्य होता. इकडे हरभऱ्याच्या ओलिताला मोटारी सुरू झाल्या की आमच्या घरचा काटा १८० वर येतो. मग तोच तळ १३ वर, आणि रेग्युलेटर नावापुरता.

"मग १८ चा घेऊ," पुतण्या म्हणाला. १८० वर तो चालेल, खरे आहे. पण मध्यरात्री मोटारी बंद झाल्या आणि काटा २५० वर गेला, की रेग्युलेटरच्या तोंडाशी २५ व्होल्ट. जादा १३ गुणिले १० अँपिअर, म्हणजे १३० वॅट नुसती उष्णता. कामाला लागणार १२०. एवढ्याला पंख्याशिवाय भागत नाही.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. डीसी १० अँपिअर हवा म्हणून ट्रान्सफॉर्मरही १० चाच घेतला होता. तासाभरात वर्गात वार्निशचा वास! कपॅसिटर शिखराजवळच्या थोड्या वेळातच भरतो, त्यामुळे वाइंडिंगमधून आरएमएस करंट दीडपट ते पावणेदोनपट जातो. पोरं हसली, मी मात्र घाबरलो होतो.

म्हणून माझे मत असे, की आपल्याकडच्या पोराला सप्लायचे गणित शिकवायचे तर १८० आणि २५० या दोन टोकांवर सोडवून घ्यावे. २३० वरचे उत्तर परीक्षेत गुण देते, खेड्यात ट्रान्झिस्टर जाळते. दुकानासाठी मी त्याला तयार एसएमपीएसच घ्यायला सांगितला. त्यातले बरेच नव्वदपासून अडीचशेच्या पुढेही चालतात, फक्त डब्यावरचे आकडे वाचून घ्यावे. उघडून दाखवावे असे मात्र त्यात फारसे काही समजत नाही.

ट्रान्सफॉर्मरवालाही आम्ही सोडलेला नाही. माझ्या टेबलावर मांडून ठेवलाय. मोठा हीटसिंक तेवढा अजून मिळालेला नाही.