पळणाऱ्या नायकाबद्दल तुमची पत्रं



आमच्या विष्णुपुरीच्या भिशीत आम्ही दहाजणींनी ‘द ग्रे मॅन’ हा चित्रपट पाहिला, आणि त्यातला नायक तुम्हाला कसा वाटला ते कळवा, असं गेल्या महिन्यात मी या पानावर सहज लिहून गेले. कुरडयांच्या चिकाबद्दल विचारलं की पत्रांचा ढीग पडतो, पण मारधाडीच्या इंग्रजी सिनेमावर कोण लिहिणार, अशी माझी समजूत होती. ती पार खोटी ठरली. पत्रं आली, फोनवर निरोप आले, आणि एका काकूंनी तर विद्यापीठाच्या फाटकापाशी ऑटो थांबवून मला सुनावलं, “असले खुनी माणसं काय दाखवायलीस गं बायकांना?” (त्यांनी सिनेमा दोनदा पाहिलेला होता, हे नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं.)

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. मार्क ग्रेनी या अमेरिकन लेखकाची ही पहिली कादंबरी 2009 साली आली आणि तिच्यावरचा चित्रपट जुलै 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. रायन गॉसलिंग नायक आहे आणि आपला धनुषही त्यात आहे. नायक तुरुंगातला कैदी. सरकारी गुप्तहेर खात्याचा फिट्झरॉय नावाचा अधिकारी त्याला बाहेर काढतो. अट एकच, सरकार सांगेल त्याला मारायचं. त्याचं नाव पुसलं जातं आणि उरतो फक्त आकडा, सहा. पुढे एका कामगिरीवर त्याला कळतं की आपण ज्याला मारलं तो आपल्यासारखाच, आपल्याच खात्याचा माणूस होता. मरताना तो साहेबांच्या काळ्या कृत्यांचा पुरावा याच्या हातात देतो. तिथून सगळं उलटतं. ज्यांनी पाळला तेच मागे लागतात, आणि तो हाती लागावा म्हणून फिट्झरॉयच्या पुतणीला, क्लेअर नावाच्या लहान मुलीला, ओलीस धरतात. पुस्तकात एकीच्या जागी दोन जुळ्या नाती आहेत, आणि त्याच्यामागे लागण्याचं कारणही वेगळं आहे.

पहिलं पत्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका बाईंचं. धरणाच्या कामाच्या काळात त्या कारकून होत्या. त्या लिहितात, “या पोराची चूक एकच. सगळी कामं तोंडी हुकमावर केली. आमच्याकडे नवीन मुलगी लागली की मी तिला पहिल्या दिवशी सांगायची, साहेब कितीही गोड बोलले तरी टिपणी लिहून घे, सही घे, मगच हात लाव. वरचे तोंडी सांगतात आणि खालच्याला लेखी खुलासा द्यावा लागतो. याच्याजवळ एक कागद असता तर एवढं पळावं लागलं नसतं.” हसू येतं खरं, पण मला तर या बाईंनी चित्रपटाचं सगळं मर्म सांगितलं असं वाटलं. ज्या नोकरीत कागदच नसतो, तिथे माणूस नाहीसा करायला कागद फाडावाही लागत नाही.

दुसरं पत्र वकिली करणाऱ्या एका भगिनीचं, लातूरहून. त्यांना चित्रपट मुळीच आवडला नाही. “सरकारने माणूस मारायला पाठवणं यात तुम्हाला थरार वाटतो,” त्या लिहितात, “आपल्या राज्यात त्याला चकमक म्हणतात.” त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पोलीस चकमकीत माणूस मेला तर गुन्हा नोंदवून त्याचा स्वतंत्र तपास झाला पाहिजे, दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये बजावलं, ते महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. मुंबईतल्या 2006 सालच्या एका चकमकीबद्दल तर सत्र न्यायालयाने 2013 साली पोलिसांनाच जन्मठेप दिली. वकीलबाईंचा प्रश्न असा की, सिनेमातला सहा नंबर चांगला कशावरून? मुलगी वाचवली म्हणून? त्याआधी मारलेल्यांच्या घरी मुली नव्हत्या का?

हा प्रश्न मी भिशीत वाचून दाखवला. पाच मिनिटं कोणी पोह्यांना हात लावला नाही.

आता वयाने सगळ्यात मोठ्या वाचक. पंच्याऐंशी पूर्ण, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पत्र नातीने लिहून दिलेलं. त्यांची हयात बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेली. “झुंजार आणि काळापहाड पण कायद्यातून पळायचेच की,” त्या म्हणतात, “पण ते कुणाचे नोकर नव्हते. आणि झुंजारची विजया त्याच्या बरोबरीनं संकटात उडी घ्यायची. ह्या नव्या गड्याला घर नाही, बायको नाही, नाव पण नाही. असलं कसलं जगणं म्हणायचं?” आजी, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचा नायक कितीही दरोडेखोर असला तरी रात्री घरी येत असे. नंतर गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आला. भाड्याच्या वाचनालयातून ती पातळ पुस्तकं घरी यायची, आणि पुरुषांच्या आधी आपणच ती वाचून काढायचो. माझ्या आईच्या तांदळाच्या डब्यात एक कायमचं पुरलेलं असायचं. सासूबाईंना ते ठाऊक होतं. त्यांचं ज्वारीच्या कणगीत असायचं.

(नातीने खाली बारीक अक्षरात विचारलंय की, आजीची जुनी पुस्तकं कसर खातेय, काय करू? दर दोन महिन्यांनी पुस्तकं काढून कोरड्या फडक्याने पुसावीत, सावलीत वारा द्यावा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं. कडुनिंबाचा वाळलेला पाला जुन्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवावा. पाला ओला नको. ओल आली की कसर वाढतेच.)

धनुषवर सहा पत्रं आहेत, सगळ्या तरुण मुलींची. तो पैशासाठी लढायला येतो, पण लहान मुलीला वेठीस धरलंय हे बघितल्यावर पाठ फिरवून निघून जातो. मुलींना ते फार आवडलं. मलाही आवडलं. पण एकीने लिहिलंय, “मावशी, तो निघून गेला, पण मुलीला घेऊन का नाही गेला?” शाबास गं.

क्लेअरच्या छातीत पेसमेकर आहे आणि त्याच्या नंबरावरून नायक तिचा माग काढतो. यावर वजिराबादच्या एका भगिनीने काळजीने विचारलं आहे, कारण त्यांच्या यजमानांना नुकताच पेसमेकर बसवला आहे. “आमच्या यांचा पण कोणी असा पत्ता काढील काय?” घाबरू नका. पेसमेकरला मेक आणि नंबर असतो, तो असलेलं कार्ड दवाखान्यातून मिळतं. काही नवी यंत्रं घरातल्या डबीमार्फत डॉक्टरांकडे नोंदी पाठवतात. पण माणूस कुठल्या गल्लीत उभा आहे हे पेसमेकर सांगत बसत नाही, ती सिनेमाची करामत. ते कार्ड मात्र यजमानांच्या खिशात कायम ठेवा. मोबाईल वरच्या खिशात ठेवू देऊ नका, बोलताना दुसऱ्या बाजूच्या कानाला लावायला सांगा. घरी इंडक्शनची शेगडी असेल तर त्यांनी तिच्यापासून दोन फूट लांब राहावं, म्हणजे चहा तुम्हालाच करावा लागणार.

इथल्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टरांनी नायकाच्या जखमांचा हिशेब मांडून पाठवलाय आणि शेवटी लिहिलंय, “हा माणूस प्रागमध्येच वारायला पाहिजे होता.” त्यांची एक सूचना सगळ्यांसाठी देते. सिनेमातले लोक अंगात घुसलेली वस्तू उपसून काढतात. शेतात, स्वयंपाकघरात असं काही झालं तर घुसलेली वस्तू ओढायची नाही. ती हलू नये म्हणून भोवती स्वच्छ कापडाच्या घड्या दाबून धरायच्या आणि तसंच दवाखान्यात न्यायचं. हळद भरायची नाही, चहापत्तीही नाही.

शेवटचं पत्र मी बाजूला काढून ठेवलं होतं. पत्ता नाही, सही नाही, पोस्टाचा शिक्काही नीट उमटलेला नाही. त्यातला काही भाग देते.

“तुम्ही विचारलं म्हणून लिहायलेय. मी हा पिक्चर माझ्या मुलासोबत पाहिला. तो पंधरा वर्षांचा आहे. त्यात तो माणूस त्या लहान मुलीला गाण्याची रेकॉर्ड लावून देतो, आवाज मोठा करायला लावतो आणि बाहेर मारामारी करतो, म्हणजे तिला ऐकू जाऊ नये. ते पाहिलं अन् मला रडू आलं. मी पण तेच करते. यांचा आवाज चढायला लागला की मी लेकरांच्या खोलीत जाऊन टीव्ही मोठा करते अन् दार ओढून बाहेर येते. बारा वर्षं झाली. मला वाटायचं त्यांना काही कळत नाही. त्या दिवशी पिक्चर बंद झाल्यावर मुलगा म्हणाला, आई, तू टीव्ही मोठा केलास की आम्ही दोघं बंद करतो, म्हणजे तुला जास्त लागलं का ते कळतं. मग त्यानं विचारलं, त्या माणसानं बापाला मारलं म्हणून तो जेलात गेला ना, मग त्याचं चुकलं का? मी काही बोलले नाही. भाकरी करायला उठले.”

बाई, पत्ता नसल्यामुळे इथेच उत्तर देते. तुम्ही हे पान वाचाल असं धरून चालते.

चित्रपटात ही गोष्ट दोन वाक्यांत येते आणि जाते. बाप मुलांना छळायचा, मोठ्याने धाकट्याला वाचवण्यासाठी बापाला मारलं आणि तुरुंगात गेला. तिथूनच सरकारला तो सापडला. बाकी गोळीबार आणि ट्रामगाडीवरची मारामारी आमच्या भिशीतही विसरून झाली. तुमच्या मुलाने मात्र नेमकी तीच गोष्ट धरली. तो तुम्हाला सिनेमाबद्दल विचारत नव्हता. आपल्याला काय करावं लागणार आहे, हे तो विचारत होता. त्याला उत्तर द्या, आणि लवकर द्या. त्याला सांगा की, मला वाचवणं हे तुझं काम नाही, त्या कामाला मी माणसं शोधतेय. आणि मग खरोखरच शोधा, कारण तुम्ही नुसतं म्हणालात तर या वयाचा मुलगा ते ओळखतो.

आता ती माणसं कुठे आहेत. 181 हा महिलांसाठीचा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. जीवावर बेतलं असेल तर 112. मुलांसाठी 1098. घरगुती हिंसाचाराचा कायदा 2005 साली झाला आणि ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, ते तुमची हकिकत लिहून घेऊन न्यायालयापुढे ठेवतात. दंडाधिकाऱ्यांनी अर्जाची पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत ठेवावी असं कायद्यात लिहिलं आहे. मारहाण थांबवण्याचा आदेश मिळतो आणि तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. घर यजमानांच्या नावावर असलं तरी तुम्हाला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, हे मुद्दाम लिहिते, कारण ‘घरातून काढून देईन’ याच धाकावर बारा वर्षं निघतात. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण असतं, आणि बाईला तिथे वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. लागलं असेल तर आधी सरकारी दवाखान्यात जा आणि ‘पडले’ असं सांगू नका. काय झालं तेच केसपेपरवर लिहून घ्या. पाटबंधाऱ्यातल्या बाई म्हणाल्या तसा कागद जवळ असू द्या.

लातूरच्या वकीलबाईंना मी हे पत्र नावागावाशिवाय वाचून दाखवलं. सिनेमावरचं त्यांचं मत बदललेलं नाही. पण कोर्टात पहिल्या तारखेला मी सोबत उभी राहीन, फी नको, असा निरोप त्यांनी दिलाय. बाई, मला एक कार्ड टाका. नाव नको, फक्त कुठे भेटायचं तेवढं लिहा. काळेश्वराच्या देवळात सोमवारी गर्दी असते, तिथे दोन बायका बोलत उभ्या राहिल्या तर कोणी वळूनही बघत नाही. मी दर सोमवारी सकाळी आठला असते. हातात हिरवी कापडी पिशवी असते.

पुढच्या अंकात उन्हाळी वाळवणाची पत्रं घेऊ. अर्धापूरच्या भगिनीने केळीच्या वेफर्सना तेल किती तापवायचं ते विचारलंय, त्याचं उत्तर आहे. आणि काकू, ऑटोवाल्या, तुम्हीही लिहा.