गाडीत बदल करण्यापूर्वी: लखनौच्या गाडीमालकांना जाहीर आवाहन

धनत्रयोदशीला लखनौमध्ये नवी गाडी घेणारी बरीच कुटुंबे शोरूममधून आधी देवळात जातात आणि तिथून लालबागेत. लालबागच्या दुकानांत सीट कव्हर, मोठा स्क्रीन, जास्त प्रकाशाचे दिवे, रिव्हर्स कॅमेरा, अलॉय व्हील हे सगळे एका दुपारीत बसवून मिळते, आणि शोरूमच्या दरापेक्षा स्वस्तात. त्या दुपारनंतर गाडीची वॉरंटी किती उरली, हे मात्र कुणी विचारत नाही. ते गाडीला हात लावण्याआधी विचारले जावे, यासाठी शहरातील सर्व गाडीमालकांना हे आवाहन आहे. आरडीएसओ, एचएएल किंवा बँकांच्या बदलीच्या नोकरीमुळे महाराष्ट्रातून गाडीसह इथे आलेल्या मराठी कुटुंबांनी तर ते जरूर वाचावे, कारण त्यांच्या बाबतीत या गुंत्याला आणखी एक पदर आहे.

या शहरात गाड्यांमधील फेरफारांची चर्चा झाली आहे, पण ती आवाजाची. जुलै २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने बदललेल्या सायलेन्सरच्या कर्कश आवाजाची स्वतःहून दखल घेतली आणि तो विषय जनहित याचिका म्हणून चालवला. त्यानंतर दंडाची भीती लोकांना कळली. वॉरंटीचे नुकसान मात्र गुपचूप होते. ते समजते तेव्हा गाडी सर्व्हिस सेंटरच्या लिफ्टवर असते आणि सल्लागार जॉब कार्डवर ‘बाहेरून काम केले आहे’ असे लिहीत असतो.

प्रथम एक गैरसमज दूर व्हायला हवा. वारंवार बिघडणारी नवी गाडी कंपनीने परत घ्यावी किंवा बदलून द्यावी, असा खास गाड्यांपुरता कायदा अमेरिकेत कनेटिकट राज्याने १९८२ मध्ये केला. पुढे इतर राज्यांनीही तसे कायदे केले, त्यांना तिकडे ‘लेमन लॉ’ म्हणतात. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. इथे ग्राहकाचा आधार म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९. तो २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला. सदोष वस्तू दुरुस्त करून द्या, बदलून द्या किंवा पैसे परत करा, असा आदेश देण्याचा अधिकार या कायद्याच्या कलम ३९ ने ग्राहक आयोगाला दिला आहे.

पण गाडी बदलून मिळणे सोपे नाही. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन आहे, अख्खी गाडी बदलण्याचे नाही. म्हणजे ग्राहकाची बाजू मुळातच चढणीची. त्यात गाडीचे वायरिंग कापलेले असले, इंजिनाचे सॉफ्टवेअर बदललेले असले, तर दोष मूळचा की मागाहून आलेला, हा वाद कंपनीला आयताच मिळतो.

तरीही ‘बाहेरचे काम केले, वॉरंटी संपली’ हे वाक्य ऐकून निमूट परत फिरण्याचे कारण नाही, आणि या आवाहनाचा गाभा तोच आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीच्या बाजारातील मक्तेदारीबद्दल एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. त्याच आदेशात वॉरंटीविषयी स्पष्ट निर्देश होता: बाहेरच्या मेकॅनिककडे गेल्याच्या एकाच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या या आदेशाविरुद्ध वरच्या न्यायालयांत गेल्या, त्यामुळे तो अखेरचा शब्द मानून कुणी निर्धास्त राहू नये. पण त्यातला विचार न्याय्य आहे. अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याचाही रोख तोच: बाहेरचा भाग बसवला म्हणून नव्हे, तर त्या भागामुळे बिघाड झाला असेल तरच दावा नाकारता येतो.

सारा प्रश्न अशा रीतीने कार्यकारणाचा आहे. अलॉय व्हील बदलली आणि सनरूफमधून पाणी गळू लागले, तर दोहोंचा संबंध नाही आणि कंपनीने सनरूफ दुरुस्त करून द्यायलाच हवे. पण मूळ मापापेक्षा मोठी, जड चाके बसवली आणि सस्पेन्शनचे बुश, बेअरिंग लवकर झिजले, तर कंपनीचे म्हणणे रास्त ठरू शकते. टायरचा एकूण व्यास बदलला की स्पीडोमीटरही खरा वेग दाखवत नाही, हे दुकानात सहसा सांगितले जात नाही.

सर्वांत जास्त दावे जिथे अडतात ते वायरिंग. एच-४ हेडलाइटचा कंपनीचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. बाजारात १००/९० वॉटचा मिळतो आणि तो त्याच होल्डरमध्ये बसतो, म्हणून लोकांना तो निर्धोक वाटतो. बारा व्होल्टच्या गाडीत ६० वॉटला सुमारे ५ अँपिअर वीज लागते, १०० वॉटला ८ हून अधिक. वायर मात्र तीच, होल्डर तोच. प्लास्टिक वितळते, इन्शुलेशन कडक होऊन तडकते आणि लखनौच्या मे महिन्यातील ४५ अंशांच्या दुपारी बॉनेटखाली आणखी तापते. स्पीकर, कॅमेरा, सेंट्रल लॉक बसवताना वायर सोलून, पिळून वर टेप गुंडाळण्याची पद्धत तशीच घातक आहे. अशा गाडीत शॉर्टसर्किट झाले, की मूळ दोष कुठला हे तज्ज्ञालाही सांगणे अवघड जाते, आणि त्या संशयाचा फायदा ग्राहकाला क्वचितच मिळतो. म्हणून फिटरला आधीच बजावावे: एकही वायर कापायची नाही, काम ‘कपलर टू कपलर’, म्हणजे मूळ जोडणीलाच थेट जोडून, झाले पाहिजे आणि बिलावर तसे लिहून मिळाले पाहिजे.

इंजिनाचा ‘रिमॅप’ त्याहून जोखमीचा. टर्बो डिझेल गाडीची ताकद सॉफ्टवेअर बदलून वाढवतात, तेव्हा टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्स या सर्वांवर आखणीपेक्षा जास्त ताण येतो. सर्व्हिसला नेण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकले की कळत नाही, असे सांगितले जाते. पण अनेक गाड्यांच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, किती वेळा सॉफ्टवेअर लिहिले गेले याची नोंद राहते. शिवाय अशी लपवाछपवी उघडी पडली, की ग्राहकाच्या बाकीच्या खऱ्या तक्रारींवरचाही विश्वास उडतो. तो मार्ग कुणीही धरू नये.

एअरबॅगच्या बाबतीत प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये घेतलेल्या एका ह्युंदाई क्रेटाला नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्याच नाहीत. ‘धडक पुरेशी जोराची नव्हती’ हा कंपनीचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मानला नाही. ग्राहक हा वेग आणि बलाची गणिते मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ नसतो, असे सांगून न्यायालयाने भरपाईचा आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. भारतीय ग्राहकासाठी हा मोठा निकाल आहे. आता त्याच गाडीपुढे लोखंडी बुल बार असता तर? धडक बंपरऐवजी थेट चासीवर जाते, सेन्सरला मिळणारा संदेश बदलतो आणि कंपनीच्या हाती असे उत्तर येते की ते खोडणे कठीण. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितले होते. सीट कव्हरचेही तेच. बाजूची एअरबॅग सीटच्या शिवणीतून बाहेर येते, आणि जाड, घट्ट शिवलेले कव्हर ती वाट अडवू शकते. ज्यांच्या गाडीत साइड एअरबॅग आहेत त्यांनी सीटच्या कडेचे छोटे लेबल आज तपासावे आणि साधे कव्हर असेल तर ते काढून टाकावे.

गाडीच्या दोषामुळे माणसाला इजा झाली, तर २०१९ च्या कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचे वेगळे प्रकरण आहे. त्यातील कलम ८७ म्हणते, की हानी झाली तेव्हा वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध असा दावा चालणार नाही. कलम ८६ ची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी: फेरफार विक्रेत्यानेच केला असेल आणि हानीचे मुख्य कारण तोच असेल, तर विक्रेता जबाबदार. म्हणून शोरूममध्ये बसवलेल्या प्रत्येक ॲक्सेसरीचे वेगळे बिल, भागाच्या क्रमांकासह, घ्यावे. गाडीबरोबर ‘फ्री’ म्हणून बसवलेल्या वस्तूचेही घ्यावे. शोरूममध्ये बसवले म्हणजे कंपनीनेच बसवले, असे समजू नये. गोव्यात एका ग्राहकाला २०११ चे मॉडेल सांगून २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली गाडी विकली गेली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या या कृत्याबद्दल टाटा मोटर्सला जबाबदार धरले नाही, कारण कंपनी आणि डीलर हे दोन स्वतंत्र व्यवहार करणारे पक्ष होते. डीलर आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा ग्राहकाच्या हातातला कागदच उपयोगी पडतो.

सीएनजी किटबद्दल थोडे सविस्तर, कारण लखनौमध्ये ग्रीन गॅस कंपनीचे सीएनजी पंप वाढले तसे बाहेरून किट बसवणारेही वाढले. किट मान्यताप्राप्त असावे, त्याची नोंद आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) व्हावी आणि विमा कंपनीला कळवून पॉलिसीत त्याची वेगळी नोंद करून घ्यावी. या नोंदीला विम्यात आयएमटी २५ म्हणतात. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी करावी लागते. बाहेरचे किट बसवल्यावर इंजिन आणि इंधनप्रणालीची वॉरंटी बहुतेक कंपन्या नाकारतात, हे गृहीत धरूनच हिशेब करावा. गाडी नवी असेल तर कंपनीचेच सीएनजी मॉडेल घेणे शहाणपणाचे.

वॉरंटीखेरीज कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ नव्याने लिहिले: बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्राच्या नंबरची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर नवी नोंदणी करावी लागते, आणि तेव्हा ट्रान्सपोर्टनगरच्या आरटीओत गाडी आणि कागद शेजारी ठेवून पाहिले जातात. पुण्यात हौसेने केलेला बदल तिथे अडतो.

याच कुटुंबांसाठी एक दिलासा आहे. गाडी पुण्या-नाशिकच्या शोरूममधून घेतलेली असली तरी तक्रार लखनौत करता येते. ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा आयोगात जाण्याची मुभा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ ने दिली आहे. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरे. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि त्यापुढे ५० लाखांपर्यंत १,००० रुपये.

दावा नाकारला गेला, तर नागरिकांनी सर्व्हिस सेंटरवर भांडत बसू नये. नकार लेखी मागावा, आणि त्यात एका प्रश्नाचे उत्तर मागावे: कोणत्या बदलामुळे कोणता भाग बिघडला? उत्तर मिळाले नाही तर तीच मागणी कंपनीला ई-मेलने करावी. जुनी सर्व जॉब कार्डे, ॲक्सेसरीची बिले आणि वॉरंटी पुस्तिका एकत्र ठेवावी. निकामी झालेला भाग परत मागून घ्यावा आणि गाडीची स्थिती बदलू नये, कारण कलम ३८ नुसार आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. तपासायला काही उरलेच नाही, तर खरा दोषही सिद्ध होत नाही.

लालबागच्या दुकानदारांनाही विनंती आहे. काय बसवले, किती वॉटचे, वायर कापली की नाही, हे पक्क्या बिलावर लिहून द्यावे. चांगले काम करणाऱ्या कारागिराला त्याने नुकसान होणार नाही, उलट गिऱ्हाईक टिकेल. शोरूमवाल्यांनी गाडी देतानाच, कोणत्या बदलाने वॉरंटीतील कोणता भाग जाईल, हे हिंदीत एका पानावर छापून द्यावे. गोमतीनगर, अलीगंज, आशियाना इथल्या गृहसंस्थांनी ते पान आपापल्या सूचनाफलकावर लावावे.

ज्यांचा दावा आधीच नाकारला गेला आहे त्यांनी तारीख पाहावी. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पहिली पायरी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. तोडगा निघाला नाही तर ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. हेल्पलाइनवर उत्तराची वाट पाहताना दोन वर्षांची मुदत थांबत नाही, म्हणून ज्यांची तारीख जवळ आली आहे त्यांनी थेट आयोगातच जावे.