पाळी सुटल्यावरची थंडी

भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या चिखल्यात खाणकामगाराला थंडी दोनदा गाठते. पहिली कामावर निघताना. तिच्यासाठी घरोघरी स्वेटर, कानटोपी, मफलर असा बंदोबस्त असतो. दुसरी, पाळी सुटून खाणीतून वर आल्यावर. तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि माणूस आजारी पडतो तो बहुधा तिच्यामुळेच.

मॉयल या कंपनीची इथली मँगनीजची खाण भूमिगत आहे. शेजारच्या डोंगरी बुजुर्गची उघडी. जमिनीखाली हिवाळा पोचत नाही. तिथं दमट उबारा आणि अंगमेहनत, त्यामुळे बनियन घामानं चिंब. रात्रपाळीवाला वर येतो तो नेमका पहाटे, थंडी सर्वांत कडक असते तेव्हा. डिसेंबर-जानेवारीत भंडारा-गोंदियाकडे पारा १० अंशांखाली उतरणं नवं नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक उष्णतावाहक. म्हणजे ओल्या बनियनवर कितीही जाड स्वेटर चढवा, आतून अंग गारठतंच. त्यात मोटारसायकलवरचा वारा! लोकरीच्या विणीतून तो सरळ आत शिरतो.

यावरचा उपाय महागडं जॅकेट नव्हे. पिशवीत एक कोरडी बनियन ठेवावी, वर येताच ओली काढून ती घालावी, मग स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारं काहीही, अगदी जुना रेनकोटसुद्धा. मफलरची टोकं मोकळी सोडू नयेत. फिरत्या यंत्राजवळ तर तो नकोच. कानटोपी बरी.

घरी शेकोटीजवळ बसताना नायलॉनची साडी किंवा पॉलिस्टरची शाल नको. ठिणगी पडली तर असं कापड वितळून कातडीला चिकटतं. सुती लुगडं, घोंगडी अधिक भरवशाची. (याच जिल्ह्यात आंधळगावला उबदार कोसा विणला जातो, पण तो अंगावर चढतो लग्नसराईत, परगावच्या पाहुण्यांच्या.)

हेल्मेट आणि बूट सक्तीचे झाले, हे चांगलंच. आता कामगार संघटनांनी पुढची मागणी करावी: जिथं नसेल तिथं खाणीच्या तोंडाशी कपडे बदलायला आडोशाची खोली, ओले कपडे वाळवायला दोऱ्या आणि हात-तोंड धुवायला गरम पाणी. हा खर्च कोणत्याही खाणीला परवडेल.