प्रेमापोटी... पण लेखी!

‘अगं, स्टॅम्प ड्युटी फक्त दोनशे रुपये!’ शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर कॉफी पिताना मैत्रीण एकदम खुशीत सांगत होती. आईबाबा राहता टू बीएचके तिच्या नावावर करतायत. नंतर कटकट नको म्हणून. बक्षीसपत्राचा, म्हणजे आपल्या भाषेत गिफ्ट डीडचा मसुदा वकिलांनी मेलवर पाठवला होता.

मी तो तिथेच वाचून काढला. ‘प्रेमापोटी व आपुलकीपोटी’ हे शब्द दोनदा आलेले. पण आईबाबा पुढे राहणार कुठे, त्यांचं औषधपाणी कोण बघणार, यावर एक ओळ नाही. ‘एखादी अट टाक ना यात,’ मी म्हटलं. तिचा चेहराच उतरला. ‘म्हणजे मी त्यांना घराबाहेर काढेन असं वाटतं तुला?’

अजिबात नाही वाटत! पण मंडळी, सही-शिक्का झाला की घर तिचं. उद्या तिचं लग्न होईल, नोकरी जाईल, घरावर कर्ज काढावं लागेल. आईबाबांच्या हातात तेव्हा काय असेल? नुसतं प्रेम!

2015 पासून महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे (शहरातला अधिभार वेगळा). त्यामुळे ‘करूनच टाकू’ म्हणणारे आईबाबा घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी कायदाही आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007. साठी ओलांडलेल्या व्यक्तीनं ‘माझी देखभाल करशील’ या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं पाठ फिरवली, तर कलम 23 नुसार तो व्यवहार फसवणुकीनं किंवा दबावाखाली झाला असं धरून रद्द करता येतो. त्यासाठी अर्ज करायचा तो प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे. मुलं सांभाळत नसतील, तर दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह भत्ताही तिथेच मागता येतो.

सगळी गोम ‘या अटीवर’ या दोन शब्दांत आहे. डिसेंबर 2022 मध्ये हरियाणातल्या एका आईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. न्यायालयानं सांगितलं, कलम 23 लावायचं तर देखभालीची अट होती हे दिसलं पाहिजे. आईबापानं मुलांना काही दिलं म्हणजे अट आलीच, असं धरता येत नाही. आई हरली.

मध्य प्रदेशातल्या दुसऱ्या एका आईनं 2019 मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिलं. त्याच दिवशी मुलानं ‘शेवटपर्यंत सांभाळीन’ असं वचनपत्र दिलं, असं तिचं म्हणणं. मुलगा म्हणाला, ते बनावट आहे. बक्षीसपत्रात तशी अट नाही म्हणून उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं मुलाच्या बाजूनं कौल दिला. 2 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही कागद एकत्र वाचले, हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचायला हवा असं म्हटलं आणि बक्षीसपत्र रद्द केलं. आई जिंकली खरी, पण त्यासाठी स्वतःच्या मुलाविरुद्ध दिल्लीपर्यंत जाऊन!

आता प्रश्न असा, की अट टाकायची कुणी? आईबाबा टाकतील? विसरा! आपल्याकडे कुठली आई लेकीला म्हणेल, ‘घर देते, पण मला काढणार नाहीस असं लिहून दे’? तिला ते भिकाऱ्यासारखं वाटेल, आणि शेजारच्या काकू काय म्हणतील तो ताप वेगळाच. म्हणून हा विषय घर मिळणाऱ्यानंच काढायचा. म्हणजे तुम्ही.

वकिलांना तीन गोष्टी मसुद्यात घालायला सांगा. एक, दोघांनाही या घरात तहहयात राहण्याचा हक्क. दोन, जेवणखाण, औषधोपचार आणि देखभाल ही तुमची जबाबदारी. तीन, ती पार पाडली नाही तर बक्षीसपत्र रद्द करण्याचा त्यांना अधिकार. जास्तीचा एखादा परिच्छेद होईल, बस्स.

आणि मुळात आत्ताच नावावर करायची घाई कशाला? दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केलं तर घर हयातभर त्यांच्याच नावावर राहतं, आणि वाटलं तर ते बदलताही येतं. दोनशे रुपये वाचवण्याच्या नादात हा पर्याय घरात कुणी मांडतच नाही.

तुमच्या ओळखीच्या एखाद्या आजी-आजोबांनी अट न घालता सही केली असेल आणि आता त्यांना घरात टोमणे, उपासमार किंवा मारहाण सोसावी लागत असेल, तर ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे. नंबर सेव्ह करून ठेवा. आणि या रविवारी जेवणं झाली, की आईबाबांकडे घराची फाइल मागा. मसुदा त्यांच्या शेजारी बसून, मोठ्यानं वाचा. प्रत्येक ओळ.