लेकीकडे इंग्लंडला जाताय? मग एक रान पाहून या

मैत्रिणींनो, परदेशी लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईच्या बॅगेत काय काय असावं, हे मी तुम्हाला सांगायला नको. डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशोपा, मेतकूट आणि जुन्या मऊ साड्यांची शिवलेली दुपटी, सगळं आपण महिनाभर आधीपासून जमवतो. पण तिथे पोचल्यावर, बाळाची अंघोळ नि लेकीचं जेवण उरकल्यावर, पुढची लांबलचक दुपार कशी काढायची, हे मात्र कोणी सांगत नाही. सहा महिन्यांचा व्हिसा असतो. जावई कामावर, थोरलं नातवंड शाळेत, लेक बाळाबरोबर झोपलेली. शेजारीण दिसली तर हसून हात हलवते आणि आपलं दार लावून घेते. मग आई खिडकीशी बसते.

आमच्या सासूबाईंचं असंच झालं होतं. वन्सं केंब्रिजजवळ राहतात. त्यांच्या दुसऱ्या खेपेला आई फेब्रुवारीतच तिकडे गेल्या. साताऱ्याला भाजी आणायला गेल्या तरी चार जणींशी बोलून तासाभराने परत येणाऱ्या या बाई! एप्रिलच्या शेवटी मुलांच्या परीक्षा संपवून आम्ही पोचलो, तर आई निम्म्या झालेल्या. "मला इथे काही कमी नाही गं," असं त्या दिवसातून दोनदा म्हणायच्या. त्यावरूनच मी काय ते ओळखलं.

ह्यांनी लंडनची यादी तयारच ठेवली होती. राजवाडा, म्युझियम, नदीकाठचा तो मोठा पाळणा. आई सगळीकडे आल्या आणि सगळीकडे बाक शोधत बसल्या. मग एका रविवारी वन्संची नऊ वर्षांची लेकच म्हणाली, "मामी, आजीला आमच्या शाळेच्या सहलीचं रान दाखवू या का?" बाळाला त्याच्या बाबांवर सोपवून आम्ही निघालो.

या रानाचं नाव हेली वूड. केंब्रिजच्या पश्चिमेला, लाँगस्टो आणि लिटल ग्रान्सडेन या दोन खेड्यांच्या मध्ये आहे. रस्त्यालगत पाण्याची उंच टाकी दिसते, तिथे समोरून शेतांच्या कडेने वाट वर जाते. एप्रिलअखेर आजूबाजूला तेलबियांची शेतं पिवळीधमक फुललेली असतात. दिसायला आपली मोहरीच, आणि कूळही तेच. त्या पिवळ्या रंगाच्या पलीकडे झाडांची एक काळपट रेघ दिसते, तेच रान. सगळं मिळून सव्वाशे एकरांच्या आसपास. आईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढंच? ही तर आमच्याकडची राई!"

आकाराने राई खरीच, पण वयाने जुनी. १२५१ साली ईली इथल्या बिशपच्या मालमत्तेची मोजदाद झाली, तिच्यात हे रान याच नावाने आणि ऐंशी एकर म्हणून नोंदलेलं आहे. आपल्याकडे देवगिरीला यादवांचं राज्य होतं आणि ज्ञानेश्वर महाराज अजून जन्माला यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. पुढे एकोणिसाव्या शतकात बाजूने रेल्वे गेली. रूळ आणि रान यांच्यामध्ये एक त्रिकोणी शेत अडकलं, ते पडीक राहिलं आणि झाडांनी तेही गिळलं. त्या भागात झाडांखाली जुन्या नांगरटीचे उंचवटे अजून दिसतात म्हणे. आमची वाट तिकडे गेली नाही. इंग्लंडात १६०० सालापासून जिथे सतत झाडी आहे त्या रानाला 'प्राचीन' म्हणायची पद्धत आहे. त्या हिशेबाने हेली वूड चांगलंच म्हातारं.

ही सगळी माहिती एका माणसाने खणून काढली. ऑलिव्हर रॅकहॅम त्यांचं नाव. जन्म १९३९, मृत्यू २०१५. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकलेले, पण जुन्या दप्तरांत शिरून रानांचा इतिहास लिहिणारे. हेली वूडवर त्यांनी १९७५ साली अख्खं पुस्तक लिहिलं. हे गृहस्थ म्हणे कायम लाल मोजे घालत. आमच्या भाचीला शाळेत सांगितलेल्यांपैकी तेवढं नेमकं लक्षात राहिलेलं!

आता आत शिरल्यावर काय दिसतं? माझी कल्पना होती की इतकं जुनं रान म्हणजे आकाशाला भिडलेली झाडं असणार. तसं काही नाही. मधूनमधून ओकची मोठी झाडं आहेत, पण त्यांच्यामध्ये सगळीकडे जमिनीलगत छाटलेले रुंद बुंधे, आणि एकेका बुंध्यातून हाताच्या बोटांसारखे दहा-पंधरा सरळसोट फुटवे. काही ठिकाणी तर नुकतीच तोड झालेली, फांद्यांचे भारे रचून ठेवलेले. मला वाटलं, इथेही लाकूडचोर आहेत की काय!

आई मात्र वाकून एका बुंध्यावरून हात फिरवत होत्या. त्यांचं माहेर चिपळूणकडचं. म्हणाल्या, "अगं, ही तर कवळ तोडलीय. आमच्याकडे भाताच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायचे, तस्सं. झाड मरत नाही, उलट पुन्हा दुप्पट फुटतं."

दोन महिन्यांत आई पहिल्यांदाच कुणाला तरी काही समजावून सांगत होत्या. वन्सं माझ्याकडे पाहायला लागल्या.

आणि आई अगदी बरोबर बोलत होत्या. आपल्याकडे फांद्या तोडतात, तिथे बुडातून छाटतात, एवढाच फरक. या कामाला तिकडे कॉपिसिंग म्हणतात. हेझल नि अ‍ॅशसारखी झाडं हिवाळ्यात बुडाजवळ कापायची. वसंतात मुळं नवे फुटवे काढतात. दहा-पंधरा वर्षांनी ते मनगटाएवढे झाले की पुन्हा कापायचे. तोवर रानाचा दुसरा तुकडा तयार झालेला असतो. असं आळीपाळीने शेकडो वर्षं चालायचं. ओक मात्र वाढू द्यायचे, घरांच्या तुळयांसाठी. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर सरपण वेगळं आणि इमारती लाकूड वेगळं, दोन्ही एकाच रानातून. त्या बारीक काठ्या कुठे जायच्या? चुलीत जायच्या, शेळ्यामेंढ्यांच्या कुंपणाला जायच्या, आणि घराच्या भिंतीतसुद्धा जायच्या. काठ्या विणून वरून माती लिंपायची, अगदी आपला कूड! असं वारंवार कापलेलं झाड न कापलेल्या झाडापेक्षा जास्त जगतं, हे ऐकून मला नवल वाटलं. सफोक परगण्यात ब्रॅडफील्ड वूड्स नावाचं असंच एक रान आहे, तिथल्या अ‍ॅशच्या एका बुंध्याचं वय हजार वर्षांच्या घरात सांगतात.

मग कोळसा आला, पुढे गॅस आला. काठ्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. तोड थांबली की रान सुखाने वाढेल असं आपल्याला वाटतं. पण झालं उलटंच. वर फांद्यांचं छप्पर दाट झालं, खाली अंधार झाला आणि फुलं हटली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर अशी कित्येक रानं शेतीसाठी साफ केली गेली, नाहीतर तिथे सूचिपर्णी झाडांच्या रांगा लावल्या गेल्या. हेली वूड वाचलं, कारण १९६२ साली तिथल्या निसर्गप्रेमी मंडळींच्या संस्थेने ते विकत घेतलं आणि थांबलेली तोड पुन्हा सुरू केली.

आपल्याकडे देवराई राहिली ती देवाच्या धाकाने, काडीलाही हात लावायचा नाही म्हणून. वर्तक आणि गाडगीळ या अभ्यासकांनी सत्तरच्या दशकात आपल्या सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिलं, तेही न तोडण्याच्या या नेमावरच. हेली वूड मात्र राहिलं चुलीच्या गरजेने, हात लावला म्हणून. मला हे पटायला घरी येईपर्यंत वेळ लागला. आईंना जागच्या जागी पटलं. "ज्याचं घरात काम असतं, ते कोण मोडून टाकील?" म्हणाल्या.

फुलांबद्दल सांगते. नुकत्याच तोडलेल्या तुकड्यात ऊन खाली येतं, आणि पुढच्या एक-दोन वसंतांत तिथे फुलांचा पूर येतो. ब्लूबेलचा जांभळट निळा रंग जमिनीपासून वीतभर उंचीवर तरंगल्यासारखा दिसतो. फोटोत तो कधीच खरा येत नाही, तेव्हा फोनशी झटापट करण्यात वेळ घालवू नका. पण हेली वूडची खरी मानकरीण वेगळी, ऑक्सलिप. फिकट लोण्याच्या रंगाची, एका बाजूला माना टाकलेली फुलं. ही ब्रिटनमध्ये मुख्यतः केंब्रिज, सफोक आणि एसेक्सकडच्या चिकणमातीच्या जुन्या रानांत आढळतात.

आता ती मोजकीच उरली आहेत. हरणं फार वाढली, आणि ती नेमकी कळ्याच खातात. म्हणून तोडलेल्या तुकड्यांभोवती कुंपण घालावं लागतं. शिवाय २०१२ साली ब्रिटनमध्ये अ‍ॅशच्या झाडांवर बुरशीचा एक रोग सापडला. शेंड्याकडून फांद्या वाळत येतात. या रानांत अ‍ॅश पुष्कळ, त्यामुळे पुढच्या वीस वर्षांत इथलं चित्र किती बदलेल, याची तिथल्या लोकांना काळजी आहे.

आणि इथेच आमच्याकडे जरा वाजलं. आईंनी देवासाठी फुलं घ्यायला हात पुढे केला. भाची एकदम ओरडली, "आजी, नो!" आईंचा चेहरा उतरला. नातीने असं ओरडावं, तेही देवाच्या फुलावरून! वन्सं लेकीवर रागावल्या. पण पोरीचं म्हणणं खरं होतं. राखीव रानात फूल तोडायचं नसतं. १९८१ च्या कायद्याने कोणतंही रानरोप मालकाच्या परवानगीशिवाय उपटणं गुन्हा आहे, आणि १९९८ पासून रानातले ब्लूबेलचे कंद विकायलाही बंदी आहे. ब्लूबेलला बी रुजल्यापासून फुलायला पाच-सात वर्षं लागतात. पानं तुडवली गेली तर कंदाला अन्न मिळत नाही, म्हणून फोटोसाठीसुद्धा वाट सोडून आत शिरायचं नाही. भाचीने हे सगळं मराठी-इंग्रजीची खिचडी करून आजीला समजावलं. आई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्या कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या, आतली ऑक्सलिपची फुलं बोटांनी मोजली, हात जोडले आणि नातीला म्हणाल्या, "एकवीस आहेत. गणपतीला इथूनच वाहिली." मग दोघी हात धरून पुढे गेल्या, आम्हाला मागे टाकून.

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. या रानांची जमीन चिकणमातीची, वसंतातही ओली असते. चपला, सँडल अजिबात नको. लेकीचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट बसत असतील तर मागून घ्या. आईंनी साडी थोडी वर खोचून खाली लेकीची गरम तुमान घातली होती, काही बिघडलं नाही. तुमानीचे पाय मोज्यांत खुपसा, कारण गवतात गोचिडी असतात. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत पाहून घ्या. चावलेली दिसली तर चिमट्याने सरळ ओढून काढा. पुढे काही दिवसांत तिथे लाल वर्तुळ उमटलं तर डॉक्टरांना दाखवा. वाटेच्या कडेला नेटल नावाचं खाजरं झुडूप असतं, त्याला हात लागू देऊ नका.

आणखी एक. जमिनीवर हिरव्यागार कोवळ्या पानांचा गालिचा दिसतो, आपल्याला वाटतं छानशी पालेभाजी आहे. ती डॉग्ज मर्क्युरी, विषारी. तिकडच्या काही मुली रानलसणाच्या पानांची चटणी करतात, ती चांगली लागते. पण त्याच जागी तशीच दिसणारी विषारी पानंही उगवतात, तेव्हा पक्की ओळख नसेल तर मोह नको.

रानात संडासाची सोय नसते, घरून जाऊनच निघा. दुकानही नसतं. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासभर चहा नेला होता. कचऱ्याची पेटी नसते, कागद पिशवीत घालून परत आणायचा. शेतातलं फाटक उघडलं तर मागे लावून घ्यायचं.

तुमची लेक केंब्रिजला नसेल, तरी हरकत नाही. वूडलँड ट्रस्ट ही संस्था १९७२ साली निघाली, तिच्याकडे आज हजारावर लहानमोठी रानं आहेत आणि फिरायला पैसे पडत नाहीत. शिवाय तिकडे खाजगी शेतातूनही सार्वजनिक पायवाटा जातात. नकाशावर त्या दाखवलेल्या असतात, आणि त्यांवरून चालायचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे, पाहुण्यांनासुद्धा. गावच्या वाचनालयात नकाशा पाहायला मिळतो. एकदा वाट ठाऊक झाली की लेकीला सुट्टी घ्यायला लावायची गरज नाही. आई पुढे दर बुधवारी घरामागच्या एका लहानशा झाडीत बाबागाडी घेऊन जायला लागल्या. तिथे कुत्रं फिरवायला येणाऱ्या एका आजीबाईंशी त्यांची ओळख झाली. भाषा कोणती चालते, देव जाणे.

तिकीट काढताना मात्र तारखेकडे लक्ष द्या. ऑक्सलिप एप्रिलमध्ये, ब्लूबेल एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. त्यानंतर झाडांची पानं भरतात, खाली सावली पडते आणि फुलं आटोपतात. बाळ जूनमध्ये व्हायचं असेल तर फुलं हुकली. सप्टेंबरपर्यंत थांबलात तर हेझलला बारीक बदामासारखी फळं लागतात, पण ती खारी माणसांसाठी शिल्लक ठेवतील याचा भरवसा नाही.