औषधाला आपला-परका कळतो कसा?

परवा शेजारच्या आजी हातात गोळ्यांची पुडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काय हो, हे औषध म्हणे जंतूंना मारते. मग मला कसे मारीत नाही?" आम्ही हसलो खरे, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

उत्तर घराच्या बांधणीत आहे. आपली पेशी म्हणजे जुना चौसोपी वाडा. देवघरात पोथ्या बांधून ठेवाव्यात तसा आनुवंशिक मजकूर, म्हणजे डी. एन. ए., केंद्रकात पडद्याआड जपलेला. स्वयंपाकघर निराळे, कोठार निराळे. जंतूची पेशी ही चाळीतली एकच खोली. तिथेच चूल, तिथेच अंथरूण आणि पोथी मधोमध उघडी पडलेली! खोली तरी केवढी? आपल्या आतड्यातले ई. कोलाय जंतू ओळीने निजवले, तर एका मिलिमीटरात सुमारे 500 मावतील. मात्र आपल्या वाड्याला नाही अशी एक गोष्ट या खोलीला असते. बाहेरून भक्कम भिंत. आपल्या पेशीला नुसते पातळ आवरण.

पेनिसिलिनचा रोख या भिंतीवर. वाढताना जंतू भिंतीचे दुवे तोडतो नि नवे सांधतो. पेनिसिलिन त्या सांधणाऱ्या गवंड्याचेच हात बांधते. भिंत कच्ची राहते, पाणी आत घुसते, जंतू फुटतो. आपल्याकडे भिंतच नाही, मग गवंडी कुठला? 1954 साली पिंपरीस सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने प्रथम बनविले ते हेच औषध. (सर्दीच्या विषाणूला भिंतही नाही नि खोलीही नाही. तिच्यावर या गोळ्या खाणे म्हणजे पैसे पाण्यात.)

आता गोष्ट जरा गुंतते. 1943 मध्ये सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन भिंतीला हात लावीत नाही. ते जंतूचे प्रथिने घडविणारे यंत्र, म्हणजे रायबोसोम, बिघडवते. आपली यंत्रे वेगळ्या घडणीची, म्हणून ती वाचतात. तरीही क्षयातून बरे झालेले काही रोगी बहिरे झाले. असे का?

कारण आपल्या वाड्यात एक जुना भाडेकरू आहे! पेशीला शक्ती पुरविणारे मायटोकाँड्रिया हे कोणे एके काळी स्वतंत्र जंतू होते, असे लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये मांडले. त्यांचा लेख अनेक नियतकालिकांनी आधी साभार परत केला होता. आज ती गोष्ट सर्वमान्य आहे. या भाडेकरूची पोथी वेगळी, 37 जनुकांची, जंतूसारखी गोल. आणि रायबोसोमही जंतूच्या वळणाचे. काही घराण्यांत त्या पोथीत एक अक्षर बदललेले असते, त्याने हे साम्य आणखीच वाढते. हे 1993 साली उघड झाले. अशा माणसाला स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन यांची थोडी इंजेक्शनेही कायमचे बहिरेपण आणू शकतात.

ही पोथी फक्त आईकडून येते. मामाकडे ती असते, पण मामेभावंडांना त्याच्याकडून मिळत नाही; मावशीच्या मुलांना मात्र मिळते. येत्या भाऊबीजेला आजोळची मंडळी जमली, की फराळाच्या ताटावरच विचारून घ्या: "आपल्यात इंजेक्शनानंतर कुणाचे कान गेले होते का हो?" उत्तर 'हो' आले, तर ते डॉक्टरांच्या कानावर आधीच घाला.