फरशीखाली दडवलेला मृत्यू

2007 साली बृहत् बेंगळूर महानगरपालिका स्थापन करताना 110 खेडी शहरात ओढली गेली. जमिनीचे भाव शहरी झाले. भूमिगत गटार मात्र मागाहून, तुकड्यातुकड्याने आले. तोवर घरोघरी सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा यांवरच भागवावे लागले.

एकमजली घराचे नूतनीकरण होऊन तीन मजले चढतात, भाडेकरू वाढतात. टाकी मात्र जुनीच. मोटार उभी राहावी म्हणून तिच्या झाकणावर फरशी बसते. पाच माणसांच्या टाकीत पंधरा माणसांचे सांडपाणी शिरले की मैला तळाशी बसण्यास अवधी मिळत नाही. घाण शोषखड्ड्यातून भूजलात उतरते. टाकी तुंबली की फरशी फोडून मजुराला आत उतरवले जाते. हायड्रोजन सल्फाइड काही क्षणांत त्याचा बळी घेतो. वाचवायला धावलेला सोबतीही अनेकदा परतत नाही.

2013 च्या कायद्याने असे काम करवून घेणे गुन्हा ठरवले. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसांना 30 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. परंतु मृत्यूनंतर मोजलेले पैसे म्हणजे आरोग्यरक्षण नव्हे!

खासगी आवारात सरकारी तपासनीस कशाला, असा घरमालकांचा सवाल असतो. टाकी खासगी असेल. भूजल सर्वांचे आहे, आणि आत उतरणारा, बहुधा दलित असलेला कंत्राटी मजूर कोणाची मालमत्ता नाही.

2025 साली महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. नूतनीकरणास परवानगी देण्यापूर्वी टाकीचे आकारमान, उघडणारे झाकण आणि यंत्राने उपशाची सोय आरोग्य खात्याने तपासलीच पाहिजे. श्रमिकांनी ही मागणी वॉर्डावॉर्डांतून रेटावी!